आर भाषेत मोठ्या पूर्णांक व्हेक्टरांचा सारांश काढताना

आर (संख्याशास्त्रासाठी वापरली जाणारी प्रोग्रामिंग भाषा) उघडून १ पासून १,००,००० पर्यंतच्या अंकांची कोलन चिन्हाने क्रमिका तयार करावी आणि तिच्यावर 'सम' हे बेरजेचे फंक्शन चालवावे. उत्तर ५,००,००,५०,००० असे येते आणि ते बरोबर असते. आता तेच एक लाख अंक 'सॅम्पल'ने पिसून घ्यावेत आणि पुन्हा 'सम' चालवावे. या वेळी उत्तराच्या जागी एनए ('माहिती नाही' ही खूण) दिसतो आणि त्याखाली पूर्णांकाची मर्यादा ओलांडली गेल्याचा इशारा येतो. दोन्ही वेळा अंक तेच होते आणि बेरजेत क्रमाला काही महत्त्व नसते, तरीही दोन उत्तरे आली. हे का घडते हे एकदा नीट समजले की पूर्णांक व्हेक्टरांवर (एकाच प्रकारच्या अंकांच्या याद्यांवर) सरासरी, मध्यक, वारंवारता, गटवार बेरीज यांपैकी काहीही काढताना कुठे सावध राहायचे ते आपोआप कळू लागते. (फंक्शनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची आहेत.)

आर पूर्णांक ३२ बिटांत साठवते. त्यामुळे एका घटकाची मोठ्यात मोठी किंमत २,१४,७४,८३,६४७ इतकी असू शकते आणि ऋण बाजूलाही तितकीच. ३२ बिटांत ऋण बाजूला आणखी एक किंमत बसते, पण ती आरने एनएसाठी राखून ठेवली आहे. अर्थात 'माहिती नाही' हे सांगण्यासाठी पूर्णांकांच्या जगात वेगळी खूण नाही. सर्वांत तळाचा एक अंकच त्या कामाला जुंपलेला आहे. मर्यादेबाहेर गेलेले उत्तर आणि मुळात नसलेली नोंद ही दोन्ही सारख्याच चेहऱ्याने समोर येतात ती यामुळेच, आणि या लेखातील निम्म्या अडचणींचे मूळ तिथेच आहे.

दोनशे चौदा कोटी ही मर्यादा ऐकायला प्रशस्त वाटते, पण बेरजेच्या दृष्टीने ती तोकडी आहे. एक लाख घटकांची सरासरी २१,४७५ असली की बेरीज मर्यादेबाहेर गेलीच. आज एक लाख ओळींच्या फाइलीला कोणी मोठी म्हणत नाही.

सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर असे आहे. ३.५.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, कोलनने केलेली क्रमिका आर प्रत्यक्षात मेमरीत मांडतच नाही. पहिला अंक, लांबी आणि पायरी एवढेच लक्षात ठेवते. अशा संक्षिप्त क्रमिकेवर 'सम' चालवले की बेरीज शाळेतल्या सूत्राने निघते, आणि ती पूर्णांकात मावत नसेल तर उत्तर डबल प्रकारात, म्हणजे दशांश अंकांसाठीच्या ६४ बिटांच्या प्रकारात, मिळते. पिसलेला व्हेक्टर मात्र साधा, मेमरीत पूर्ण मांडलेला असतो. तिथे 'सम' एकेक घटक मिळवत जाते आणि शेवटचे उत्तर पूर्णांकात बसवू पाहते. ते बसले नाही की एनए. म्हणून स्वतःच्या कोडची चाचणी कोलनच्या क्रमिकेवर कधीही घेऊ नये. चाचणी हसतखेळत पार पडते आणि खऱ्या माहितीवर कोड कोसळतो.

आधी प्रकार पाहावा

कामाला लागण्यापूर्वी व्हेक्टर खरोखर पूर्णांक प्रकाराचा आहे का, हे 'टाइपऑफ'ने पाहून घ्यावे. नुसता ७ लिहिला तर तो आरच्या लेखी डबल असतो. पूर्णांक हवा असेल तर अंकाला एल हे अक्षर जोडावे लागते. मात्र फाइल वाचताना हा निर्णय आपल्या हातात राहत नाही. आरचे नेहमीचे वाचक फंक्शन स्तंभातील सर्व अंक पूर्णांकात बसत असतील तर स्तंभ पूर्णांक करते आणि एखादाच अंक मर्यादेबाहेरचा असला तर सगळा स्तंभ डबल करते. याचा विचित्र परिणाम असा की एकाच साच्याच्या दोन फाइलींपैकी एक पूर्णांक होऊन येते आणि दुसरी डबल, आणि लहान अंकांची, वरवर निरुपद्रवी दिसणारी फाइल हीच बेरजेत घात करते. स्तंभाचे प्रकार वाचतानाच स्पष्ट सांगावेत, हा उपाय कंटाळवाणा असला तरी भरवशाचा आहे.

बेरीज

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे व्हेक्टरवर 'ॲज.न्यूमेरिक' चालवून मग 'सम' काढणे. इशाऱ्यातही आर हेच सुचवते. डबल प्रकारात २ च्या ५३ व्या घातापर्यंतचे, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतचे सर्व पूर्णांक अचूक मावतात. व्यवहारातल्या बहुतेक बेरजा या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. त्यामुळे दहापैकी नऊ वेळा एवढे पुरते.

दहाव्या वेळी मेमरी आडवी येते. पूर्णांक घटकाला ४ बाइट लागतात, डबलला ८. दहा कोटी घटकांचा पूर्णांक व्हेक्टर सुमारे ४०० मेगाबाइट व्यापतो, त्यावर 'ॲज.न्यूमेरिक' चालवले की ८०० मेगाबाइटांची आणखी एक प्रत तयार होते, तीही एकच आकडा काढून फेकून देण्यासाठी. ही उधळपट्टी टाळायची तर व्हेक्टरचे दहा-दहा लाख घटकांचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याचे डबलमध्ये रूपांतर करून बेरीज काढावी आणि त्या उपबेरजा मिळवाव्यात. एका वेळी जेमतेम दहा-बारा मेगाबाइट जादा लागतात आणि वेळेत फारसा फरक पडत नाही. 'मॅट्रिक्सस्टॅट्स' हे पॅकेज वापरत असाल तर त्यातील 'सम२' फंक्शनला मोड डबल आहे असे सांगितल्यास ते पूर्ण प्रत न करताच बेरीज डबलमध्ये करते. नेहमीच्या कामात मला हा मार्ग तुकडे करण्यापेक्षा बरा वाटतो, कारण वाचणाऱ्याला हेतू एका शब्दात कळतो.

चालती बेरीज काढणारे 'कमसम' याहून कडक आहे. त्यात शेवटचेच नव्हे, तर मधले प्रत्येक उत्तर पूर्णांकात बसावे लागते. १ ते १,००,००० यांची चालती बेरीज काढून पाहावी. ६५,५३५ व्या स्थानावर २,१४,७४,५०,८८० असा आकडा दिसतो, मर्यादेच्या अगदी काठावर. पुढच्या स्थानावर २,१४,७५,१६,४१६ यायला हवे होते; तिथे एनए येतो आणि तिथून शेवटपर्यंत सगळे एनएच. आलेख काढला असेल तर रेषा मध्येच तुटलेली दिसते आणि पाहणारा नोंदी अपुऱ्या आहेत असे समजतो. इथेही आधी 'ॲज.न्यूमेरिक' हाच उपाय.

वर्गांची बेरीज काढताना फसगत वेगळ्या ठिकाणी होते. व्हेक्टरला स्वतःनेच गुणले तर गुणाकार पूर्णांकात होतो, आणि ४६,३४१ चा वर्ग २,१४,७४,८८,२८१ असल्यामुळे त्या अंकापासून पुढे सर्वत्र एनए येतात. तेच काम घाताच्या चिन्हाने केले तर उत्तर डबलमध्ये येते आणि काही बिघडत नाही. भागाकाराच्या साध्या चिन्हाचेही तसेच. पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तरी उत्तर डबल असते. गुणाकाराचे 'प्रॉड' फंक्शन तर नेहमीच डबल देते. या सगळ्यामागे एकच नियम असावा अशी अपेक्षा करू नये.

एनए, आणि एक फसलेला अहवाल

एकदा मी गटवार बेरजांचा एक अहवाल केला होता. 'टीॲप्लाय'ने प्रत्येक गटाची बेरीज काढली, मग त्या बेरजांची एकूण बेरीज. मूळ नोंदींत काही जागा रिकाम्या असतील या समजुतीने शेवटच्या बेरजेत एनए वगळण्याचा पर्याय चालू ठेवला होता. कोड रात्री आपोआप चालायचा, त्यामुळे इशारे कोणाच्या नजरेस पडत नव्हते. मूळ नोंदींत एकही जागा रिकामी नव्हती. एनए झाले होते ते सर्वांत मोठ्या गटांचे, कारण त्यांचीच बेरीज मर्यादेबाहेर गेली होती. आणि शेवटच्या पायरीने नेमके तेच गट निमूटपणे वगळले. गटांची संख्या बरोबर होती, यादीही बरोबर होती. फक्त एकूण आकडा आधीच्या खेपेपेक्षा कमी आला. माहिती वाढत असताना बेरीज घटली कशी, असा प्रश्न विचारला गेला तेव्हा कुठे चूक उघडी पडली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. एनए वगळायचेच असतील तर ते मूळ व्हेक्टरवर, पहिल्याच पायरीला वगळावेत. निघालेल्या सारांशांवर तो पर्याय लावू नये. सारांशात एनए आला तर मूळ व्हेक्टरवर 'एनीएनए' चालवून पाहावे. तिथे एकही एनए नसेल, तर सारांशातला एनए मर्यादेमुळेच आला आहे. दुसरे असे की आपोआप चालणाऱ्या कोडच्या आरंभी 'ऑप्शन्स'मध्ये वॉर्नची किंमत २ ठेवावी, म्हणजे प्रत्येक इशारा चूक मानला जातो आणि कोड तिथेच थांबतो. सुरुवातीला याचा जाच होतो, कारण इतर किरकोळ इशारेही वाट अडवतात. पण चुकीचा आकडा पुढे जाण्यापेक्षा कोड थांबलेला बरा.

गटवार बेरजेचे 'रोसम' हे वेगवान फंक्शनही पूर्णांकांवर पूर्णांकातच बेरीज करते आणि मर्यादा ओलांडली की कोणताही इशारा न देता एनए ठेवते. याउलट सारणीच्या स्तंभांची बेरीज करणारे 'कोलसम्स' आणि ओळींची बेरीज करणारे 'रोसम्स' नेहमी डबल देतात. 'रोसम' आणि 'रोसम्स' यांच्या नावांत एका अक्षराचा फरक आहे, पण कामही वेगळे आणि बेरजेची रीतही वेगळी. पूर्णांकांच्या सारणीवर 'ॲप्लाय'ने स्तंभागणिक 'सम' चालवले तर एनए येऊ शकतात आणि त्याच सारणीवर 'कोलसम्स' बिनबोभाट बरोबर उत्तर देते.

सरासरी, मध्यक आणि शतमके

सरासरीबाबत चिंता नसावी. 'मीन' आतली बेरीज पूर्णांकात करतच नाही; ती दशांश अंकांच्या रुंद प्रकारात करते, त्यामुळे 'सम' एनए देत असलेल्या व्हेक्टरचीही सरासरी नीट निघते. याचा उपयोग बेरीज ताडून पाहण्यासाठी होतो: सरासरीला घटकांच्या संख्येने गुणून जवळच्या पूर्णांकाला आणले की, काही लाख कोटींपर्यंतच्या आकड्यांसाठी, प्रत न करता बेरीज हाती येते. एक बारीक मुद्दा मात्र लक्षात ठेवावा. एनए वगळण्याचा पर्याय दिला की 'मीन' आधी एनए नसलेल्या घटकांचा नवा व्हेक्टर तयार करते आणि मग सरासरी काढते. 'सम' हेच काम प्रत न करता, चालता चालता करते. दहा कोटी घटकांच्या व्हेक्टरवर हा फरक जाणवतो. प्रचरण आणि प्रमाण विचलन काढणारी फंक्शने सगळे गणित डबलमध्येच करतात, तेव्हा तिथे प्रश्न फक्त मेमरीचा.

मध्यकाची अडचण आकाराची नाही, प्रकाराची आहे. घटकांची संख्या विषम असेल तर 'मीडियन' मधला घटक जसाच्या तसा, पूर्णांक म्हणून देते. संख्या सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी देते आणि ती डबल असते, मग सरासरी नेमकी पूर्णांक का येईना. म्हणजे १ आणि ३ यांचा मध्यक २ असला तरी तो डबल प्रकारचा २ असतो. एकट्या व्हेक्टरवर याचे काही वाटत नाही. गटवार मध्यक काढताना मात्र प्रत्येक गटावर फंक्शन चालवणाऱ्या 'व्हीॲप्लाय'ला प्रत्येक उत्तर पूर्णांक असेल असे सांगितलेले असले, तर सम संख्येच्या पहिल्याच गटापाशी ते चूक दाखवून थांबते, आणि चाचणीतले सगळे गट योगायोगाने विषम असतील तर ही चूक महिनोन्‌महिने दडून राहते. अपेक्षित प्रकार डबल सांगावा आणि प्रत्येक गटाचा मध्यक 'ॲज.न्यूमेरिक'मधून काढावा, म्हणजे प्रश्न मिटतो.

'क्वांटाइल' नऊ पद्धतींनी शतमके काढू शकते. न सांगता ती सातवी पद्धत वापरते आणि शेजारच्या दोन घटकांमधला दशांश आकडा देऊ शकते. पूर्णांक हे मोजलेल्या वस्तूंचे आकडे असतील आणि 'साडेतीन वस्तू' असे उत्तर निरर्थक ठरत असेल तर पहिली किंवा तिसरी पद्धत निवडावी. त्या व्हेक्टरमध्ये प्रत्यक्ष असलेलाच घटक देतात.

'मिन', 'मॅक्स' आणि 'रेंज' पूर्णांकच देतात आणि त्यांना मर्यादेची भीती नाही. अपवाद रिकाम्या व्हेक्टरचा: त्यावर 'मिन' अनंत देते, आणि अनंत हा डबल असतो.

अंक थोडे, घटक अफाट

मोठ्या पूर्णांक व्हेक्टरांत पुष्कळदा वेगवेगळ्या किमती मोजक्याच असतात. आठ बिटांच्या करड्या चित्रातील बिंदूंची उजळता घ्या: बिंदू दहा कोटी असोत, किमती ० ते २५५ अशा २५६ च. अशा वेळी एकदा वारंवारता मोजली की पुढचे सगळे सारांश २५६ अंकांवर काढता येतात आणि मूळ व्हेक्टरकडे पुन्हा वळावे लागत नाही.

नवशिके यासाठी 'टेबल' वापरतात. ते चुकीचे नाही, पण 'टेबल' आधी व्हेक्टरचे फॅक्टरमध्ये, म्हणजे ठरावीक वर्गांच्या प्रकारात, रूपांतर करते. त्यासाठी वेगळ्या किमती शोधणे, त्या क्रमाने लावणे, अक्षरांत बदलणे आणि प्रत्येक घटक त्यांच्याशी जुळवणे असे सगळे सोपस्कार होतात. 'टॅब्युलेट' थेट मोजते. प्रत्येक घटकासाठी त्या क्रमांकाच्या खणात एक वाढवायचा, इतकेच तिचे काम असल्याने ती कित्येक पटींनी वेगवान आहे. तिची अट एवढीच की खण १ पासून सुरू होतात. शून्य, ऋण अंक आणि एनए ती कोणतीही तक्रार न करता सोडून देते. आपल्या उदाहरणात शून्य ही खरी किंमत आहे, काळा बिंदू. म्हणून व्हेक्टरमध्ये आधी १ मिळवावा, खणांची संख्या २५६ अशी स्पष्ट सांगावी आणि पहिला खण शून्याचा आहे हे ध्यानात ठेवावे. मिळवतानाचा १ एल जोडलेला, म्हणजे पूर्णांक असावा, नाहीतर सगळा व्हेक्टर डबल होऊन दुप्पट जागा खातो. मोजणी झाली की सर्व खणांची बेरीज घटकांच्या संख्येइतकी आहे ना, हे पाहावे. कमी भरली तर काहीतरी गाळले गेले आहे.

पुढची पायरी म्हणजे किंमत गुणिले वारंवारता यांची बेरीज, आणि इथे जुनाच शत्रू पुन्हा भेटतो. 'टॅब्युलेट'ने दिलेल्या वारंवारता पूर्णांक असतात आणि ० ते २५५ ही क्रमिकाही पूर्णांक. २५५ या किमतीचे एक कोटी बिंदू असले तर गुणाकार २५५ कोटी होतो आणि मर्यादा ओलांडतो. म्हणून वारंवारता आधी डबल करून घ्याव्यात. आता त्या २५६ अंकांच्याच आहेत, तेव्हा मेमरीचा विचार करण्याचे कारण उरत नाही. मध्यकासाठी वारंवारतांची चालती बेरीज काढून ती एकूण संख्येच्या निम्म्याला जिथे प्रथम पोहोचते ती किंमत घ्यावी. संख्या सम असून चालती बेरीज नेमकी निम्म्यावर थांबली, तर मात्र ती किंमत आणि पुढची न-रिकामी किंमत यांची सरासरी हे खरे उत्तर.

३२ बिट कमी पडतात तेव्हा

घटकच मर्यादेहून मोठे असतील, जसे लांबलचक ओळख क्रमांक किंवा सूक्ष्म सेकंदांतील वेळ, तर 'बिट६४' हे पॅकेज ६४ बिटांचे पूर्णांक देते. त्यांची मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ इतकी आहे. 'डेटा.टेबल'चे 'एफरीड' हे वाचक फंक्शन मोठे पूर्णांक दिसले की स्वतःहून हा प्रकार निवडते. त्याची अंतर्गत रचना समजून घेण्यासारखी आहे: आरला स्वतःला ६४ बिटांचा पूर्णांक माहीत नसल्याने हे पॅकेज डबलची जागा उसनी घेते आणि तिच्यात पूर्णांकाचे बिट भरते. पॅकेज लोड केलेले असेपर्यंत सगळे सुरळीत चालते. ते लोड नसेल, किंवा एखाद्या फंक्शनने वाटेत क्लासची (प्रकार ओळखण्याची) खूण काढून टाकली, तर तेच बिट डबल म्हणून वाचले जातात आणि १ च्या जागी दशांश चिन्हानंतर तीनशेहून अधिक शून्ये असलेला सूक्ष्म आकडा दिसतो. असे आकडे दिसले की माहिती बिघडली असे समजून फाइल पुन्हा मागवण्याआधी पॅकेज लोड करून पाहावे.

शेवटी छपाईबद्दल. ३.४.० च्या आधीच्या आवृत्त्यांत 'समरी' आपले आकडे चार सार्थ अंकांपर्यंत गोल करून ठेवत असे. १,२३,४५६ ही कमाल किंमत १,२३,५०० म्हणून दिसायची आणि लोक ती तशीच अहवालात उतरवायचे. आता गोल करणे फक्त छापताना होते आणि साठवलेला आकडा पूर्ण असतो. तरीही जुन्या संगणकावर कोड चालवावा लागत असेल तर पूर्णांकांचे टोकाचे आकडे 'रेंज'कडूनच घ्यावेत. नवीन आवृत्तीतही सरासरीचा दशांश भाग पडद्यावर गळालेला दिसू शकतो. तो हवा असेल तर 'मीन' वेगळे चालवून 'प्रिंट'ला अंकांची संख्या सांगावी.